पानातील चित्र : रेघ, माप आणि अक्षर

वसईच्या किनारपट्टीवरील निर्मळ, भुईगाव, गास, वाघोली, नंदाखाल अशा गावांत वाढलेल्या माणसास बावखल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. बाहेरून आलेल्या श्रोत्यांसाठी एवढे सांगितले पाहिजे की, वाडीत खणलेले आणि पावसाचे पाणी साठवून ठेवणारे गोड्या पाण्याचे तळे म्हणजे बावखल. केळी, पानवेल, फुलझाडे यांचे शिंपण या पाण्यावर होत असे आणि भोवतालच्या विहिरींनाही त्याचा आधार असे. पुढे वाड्या कमी झाल्या, घरे वाढली आणि पुष्कळ बावखले भरावाखाली गेली. जी उरली आहेत, त्यांच्या जुन्या खुणा आणि नावे मुख्यतः वृद्ध माणसांच्या तोंडी आहेत.

काही वर्षांपूर्वी आम्ही चारपाच जणांनी आपल्या आसपासच्या बावखलांचा आणि विहिरींचा एक नकाशा करावयाचे ठरविले. वाडीवाडीतून हिंडून, घराघरातील जाणत्या स्त्रीपुरुषांस विचारून नावे लिहून घेतली. कोणाचे नाव घराण्यावरून, कोणाचे झाडावरून, कोणाचे जवळच्या देवळावरून किंवा क्रुसावरून. नकाशा मोठ्या कागदावर, ३३ सेंटीमीटर रुंदीचा काढला आणि कोपऱ्यात ‘१ सेंटीमीटर = १०० मीटर’ असे प्रमाण लिहिले. तो एका छोट्या पुस्तिकेत छापावयाचा होता. पुस्तिकेच्या मजकुराची रुंदी ११ सेंटीमीटर. तेव्हा चित्र एक-तृतीयांश करून पानात बसविले आणि आपले काम झाले असे आम्हांस वाटले.

छापून आलेली प्रत आम्ही सर्वांत आधी एका आजींकडे नेली. निम्मी नावे त्यांनीच सांगितली होती. ती तपासून त्यांनी चुका सांगाव्यात अशी आमची इच्छा होती. त्यांनी चष्मा पुसला, पान दाराच्या उजेडात धरले आणि थोड्या वेळाने ते आमच्या हाती परत दिले. त्यांना एकही नाव वाचता येईना. खरे सांगावयाचे तर आम्हांलाही येईना. नकाशा सुधारून पुन्हा काढण्यास आम्हांस वर्ष लागले. तोपर्यंत आजी राहिल्या नव्हत्या. आमच्या नकाशातील तीन नावांपुढे आजही प्रश्नचिन्ह आहे.

यात दोष छापणाऱ्याचा नव्हता. त्याने दिले तसे छापले. दोष आमचा होता, आणि तो कोणता हे समजून घेण्यासाठी आम्हांस जो थोडा अभ्यास करावा लागला, तो येथे मांडावयाचा आहे. गावची स्मरणिका, शाळेचा वार्षिक अंक, एखाद्या देवळाचा किंवा चर्चचा इतिहास, अशा पुस्तकांत नकाशे व आकृत्या घालण्याचा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांवर येतो. त्यांस हे उपयोगी पडावे.

अक्षर आणि चित्र वेगळे कसे झाले

मराठी मुद्रणाच्या आरंभीच्या काळातील शिळाछापात अक्षर आणि चित्र यांत भेद नव्हता. मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापले ते शिळाछापावर. शिळाछापात लेखक आपल्या हाताने विशिष्ट शाईने लिहितो आणि ते लिखाण दगडावर उतरते. ज्या लेखणीने अक्षर लिहावयाचे तिनेच आकृती काढावयाची, ज्या मापाचे पान छापावयाचे त्याच मापाचे लिहावयाचे. त्यामुळे अक्षराची जाडी आणि रेघेची जाडी यांचा मेळ बसविण्याचा वेगळा विचार कोणाला करावाच लागत नसे. हात एक, लेखणी एक, माप एक.

शिशाचे खिळे जुळवून छापण्याची कला जसजशी रुळली तसतशी अक्षरे सुबक आणि स्वस्त झाली. १८६९ साली पंचांग काढून नावारूपास आलेल्या जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना जे वळण दिले ते सर्वश्रुत आहे. परंतु चित्र मात्र या व्यवस्थेत पाहुणे झाले. ते दुसऱ्या कारागिराने काढावयाचे, तिसऱ्या ठिकाणी त्याचा जस्ताचा ठोकळा करावयाचा आणि तो लाकडावर ठोकून खिळ्यांच्या उंचीचा करावयाचा. ही उंची इंग्रजी पद्धतीच्या खिळ्यांत ०.९१८ इंच असते. ठोकळा तेवढा भरला नाही तर त्याखाली कागदाचे तुकडे डकवून तो उचलावा लागे. नाहीतर अक्षरे ठळक उठत आणि चित्र फिके पडे.

जुन्या चित्रकारांना या व्यवस्थेचा स्वभाव पक्का ठाऊक होता. ते चित्र छापावयाच्या मापाहून मोठे काढीत आणि ठोकळा करताना लहान करून घेत, कारण लहान करताना हाताचा थोडा कंप झाकला जातो. परंतु रेघ त्याच हिशोबाने जाड काढीत. अर्धे करावयाचे असेल तर दुप्पट जाड. आम्ही मोठे काढून लहान करण्याची रीत तेवढी उचलली आणि हिशोब मात्र सोडून दिला. आमच्या चुकीचे मूळ येथे होते.

वसईपुरते पाहिले तर डॉ. जे. गर्सन द कुन्हा यांनी १८७६ साली मुंबईत प्रसिद्ध केलेला चौल आणि वसई यांच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ आठवतो. त्यात छायाचित्रे, शिळाछापाचे तक्ते आणि नकाशा आहे. अशा ग्रंथात तक्ते मजकुरापासून वेगळ्या कागदावर वेगळे छापून मागाहून पुस्तकात बांधीत. त्यासाठी लागणारा खर्च आणि कसबी माणसे आमच्यासारख्यांच्या छोट्या पुस्तिकेला कोठून मिळणार? आम्हांस हवी होती ती शिळाछापाची एकता, पण घरच्या संगणकावर.

टेक आणि त्याचे सोबती

संगणकावर अक्षरे जुळविण्याची एक पद्धत टेक या नावाने प्रसिद्ध आहे. तिचे कर्ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड कनूथ. १९७७ साली त्यांच्याच एका गणिती ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते त्यांच्याकडे आली. जुनी शिशाची जुळणी जाऊन नवी छायाजुळणी आली होती, आणि पाने इतकी बेढब दिसत होती की, कनूथ यांनी ग्रंथलेखन बाजूला ठेवून पान जुळविण्याची आज्ञावलीच लिहावयास घेतली. पहिली आवृत्ती १९७८ साली झाली, आणि ती पुन्हा मुळापासून लिहून १९८२ साली आजचे टेक सिद्ध झाले. ते कोणालाही विनामूल्य मिळते.

टेकचा स्वभाव असा की, पान डोळ्यांनी हलवून-सरकवून सजवावयाचे नसते. मजकुरासोबत सूचना लिहावयाच्या असतात : हा मथळा, हा परिच्छेद, ही तळटीप. त्या वाचून पान जुळविण्याचे काम यंत्र करते. चित्र काढण्याची सोय मात्र कनूथ यांनी टेकमध्ये ठेवली नाही. आडव्या-उभ्या रेघा सोडल्या तर पुढच्या यंत्राला निरोप देण्यासाठी एक खिडकी तेवढी ठेवली, आणि नंतरच्या लोकांनी त्या खिडकीतून चित्रे आत आणली.

आरंभीचा प्रयत्न मोठा गमतीचा होता. लेस्ली लँपोर्ट यांनी टेकवर लेटेक ही सुलभ पद्धत उभारली. तिच्यात चित्रे काढता येत, पण ती रेघांच्या तयार तुकड्यांच्या खिळ्यांनी जुळविलेली. त्यामुळे तिरकी रेघ हव्या त्या तिरक्या चढावाची काढता येत नसे. चढाव ज्या दोन पूर्णांकांनी सांगावयाचा, ते सहाच्या पलीकडचे चालत नसत. पितळी पट्ट्या तोडून चौकटी बांधणाऱ्या जुन्या जुळाऱ्याची अडचण संगणकावर जशीच्या तशी आली होती. पुढे जॉन हॉबी यांनी कनूथ यांच्याच अक्षररेखनाच्या आज्ञावलीवरून मेटापोस्ट तयार केले, आणि टिल टान्टाऊ या जर्मन प्राध्यापकांनी टिक्झ ही चित्रभाषा दिली. टान्टाऊ यांनी आपल्या प्रबंधातील आकृत्यांसाठी म्हणून जे छोटे साधन केले होते, ते वाढत वाढत आज त्याची माहितीपुस्तिका तेराशेहून अधिक पानांची झाली आहे.

या साधनांत चित्रही शब्दांनीच सांगावयाचे असते. अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत रेघ, येथे वर्तुळ, येथे हे नाव. मजकूर जुळविणारे यंत्रच ती रेघ ओढते आणि त्याच अक्षरांत ते नाव लिहिते. शिळाछापात हात आणि लेखणी एक होती, ती एकता येथे परत मिळते. मात्र ती आपोआप मिळत नाही. सूचना योग्य ठिकाणी द्याव्या लागतात.

लहान करण्याचे दोन प्रकार

पहिली समजून घ्यावयाची गोष्ट ही की, चित्र लहान करण्याचे दोन अगदी भिन्न प्रकार आहेत.

पहिला प्रकार छायाचित्र लहान करण्याचा. यात चित्रातील सर्वच वस्तू सारख्या आकसतात : अंतरे, रेघा आणि अक्षरे. आमच्या मूळ नकाशात रेघ ०.४ पॉइंटची होती. छपाईत एक इंचाचे सुमारे ७२ पॉइंट होतात, म्हणजे ही रेघ साधारण ०.१४ मिलिमीटर झाली. टेकची आणि टिक्झची रेघ आपण काही सांगितले नाही तर याच जाडीची असते, आणि पानावर ती बारीक पण स्वच्छ दिसते. तिचा तिसरा हिस्सा केल्यावर उरले ०.०५ मिलिमीटरहून कमी. इंचाला ६०० ठिपके टाकणाऱ्या प्रिंटरचा एक ठिपका ०.०४ मिलिमीटरचा असतो. म्हणजे आमची पायवाट एका ठिपक्याच्या रुंदीची झाली. ती कोठे उमटली, कोठे तुटली. अक्षरे ९ पॉइंटची होती, ती ३ पॉइंटची झाली.

येथे देवनागरीची एक विशेष अडचण ध्यानात ठेवली पाहिजे. रोमन अक्षरापेक्षा आपल्या अक्षराचा पसारा उभा जास्त असतो. शिरोरेघेवर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार. खाली उकार आणि जोडाक्षराचा दुसरा मजला. तेवढ्याच पॉइंटात हे सर्व बसवावयाचे म्हणून मूळ अक्षराचा देह लहान राहतो, आणि चित्र आकसले की सर्वांत आधी बळी जातो तो अनुस्वाराचा. नंदाखालचे ‘नदाखाल’ होते, सांडोरचे ‘साडोर’ होते. ज्याला गाव माहीत आहे तो सावरून घेईल. ज्याच्यासाठी नकाशा काढला तो नवखा वाचक कसे सावरणार?

याहून गंभीर चूक कोपऱ्यात झाली होती. ‘१ सेंटीमीटर = १०० मीटर’ हे अक्षरांनी लिहिलेले प्रमाण चित्र आकसल्यावर खोटे ठरले. कागदावरचा एक सेंटीमीटर आता ३०० मीटरांचा झाला होता आणि नकाशा मात्र शंभराचीच ग्वाही देत होता. म्हणून पुढे आम्ही नियम केला की, प्रमाण शब्दांत लिहावयाचे नाही, प्रमाणपट्टी काढावयाची. चित्र कितीही लहानमोठे झाले तरी पट्टी त्याच्यासोबतच लहानमोठी होते, त्यामुळे ती खोटे बोलत नाही.

दुसरा प्रकार अंतरे तेवढी लहान करण्याचा. टिक्झमध्ये चित्राच्या आरंभी ‘स्केल’ म्हणून जी सूचना देतात ती याच प्रकारची आहे. तिने बिंदूंची स्थाने जवळ येतात, परंतु रेघेची जाडी आणि अक्षराचे माप मूळचेच राहते. मेटापोस्टमध्ये जाणते लोक आरंभी एक एकक ठरवितात, सर्व अंतरे त्या एककाच्या पटीत लिहितात आणि चित्र लहान करावयाचे झाल्यास तेवढे एकक बदलतात. परिणाम तोच. रेघ पानाची राहते, अक्षर पानाचे राहते आणि अंतर तेवढे नकाशाचे राहते.

मात्र यातही एक किंमत मोजावी लागते. अंतरे आकसली आणि अक्षरे तेवढीच राहिली की नावांची गर्दी होते. एक नाव दुसऱ्यावर चढते. पहिल्या प्रकारात गर्दी दिसत नाही, कारण काहीच दिसत नाही; दुसऱ्या प्रकारात ती उघडी पडते. हा आम्ही दोष मानीत नाही. पानात किती मावते याचा तो खरा हिशोब आहे. तो पाहिल्यावर आम्ही नकाशाचे दोन भाग केले आणि समोरासमोरच्या दोन पानांवर घातले.

सूचना कोठे लिहावी

दुसरी गोष्ट सूचना कोणत्या पातळीवर द्यावी ही. नवशिक्याची रीत अशी की, प्रत्येक रेघ ओढताना तिची जाडी, तिचा रंग, तिची तऱ्हा तेथल्या तेथे सांगावयाची. आमच्या पहिल्या नकाशात चाळीसएक बावखले होती आणि चाळीस ठिकाणी तीच सूचना पुन्हा लिहिलेली होती. त्यात सात ठिकाणी ती थोडी निराळी पडली होती, हे आम्हांस मागाहून कळले.

टिक्झमध्ये सूचनेच्या चार पातळ्या आहेत असे समजावे. पहिली साऱ्या पुस्तकाची : ग्रंथाच्या आरंभी एकदा सांगावयाचे की, या पुस्तकातील कोणत्याही चित्रात साधी रेघ इतकी, नावांचे अक्षर अमुक मापाचे. दुसरी एका चित्राची : ती चित्राच्या माथ्यावर लिहावयाची. तिसरी चित्रातील एका गटाची : उदाहरणार्थ किल्ल्याभोवतीचा भाग वेगळा दाखवावयाचा असेल तर तेवढ्या रेघा एका कुंपणात घालून कुंपणाच्या दारावर सूचना लिहावयाची. आणि चौथी एकट्या रेघेची.

नियम सोपा आहे. जवळची सूचना लांबच्या सूचनेवर मात करते आणि कुंपण संपले की तिचा अंमल संपतो. साऱ्या पुस्तकाची रेघ ०.४ पॉइंट, गटात ०.८ सांगितली तर गटापुरती ०.८, त्यातल्या एका रेघेला १.२ सांगितली तर ती एकच १.२. गटाबाहेर पडताच पुन्हा ०.४. घराचा शिरस्ता वेगळा असला तरी तो उंबरठ्याच्या आत चालतो, तसेच हे.

मेटापोस्टची रीत थोडी निराळी आहे. तेथे लेखणी ‘उचलावी’ लागते आणि एकदा उचललेली लेखणी दुसरी उचलेपर्यंत हातात राहते. मुख्य रस्त्यासाठी जाड लेखणी उचलली आणि ती बदलावयास विसरलो, तर त्यापुढची पायवाटही जाड निघते. उलट, नवे चित्र सुरू झाले की लेखणी आपोआप मूळची, अर्ध्या पॉइंटची होते. म्हणून एका चित्रात दिलेली सूचना पुढच्या चित्रातही चालेल अशी आशा तेथे धरू नये. दोन्ही साधने उत्तम आहेत. पण ज्याच्याकडे काम करावयाचे त्याचा शिरस्ता आधी विचारून घ्यावा.

यातून आमचा अनुभव असा की, जी गोष्ट सर्वांना लागू आहे ती सर्वांत वरच्या पातळीवर एकदाच लिहावी, आणि चौथ्या पातळीवर जितके कमी लिहावे लागेल तितके चांगले. एकट्या रेघेला दिलेली सूचना हा अपवाद असतो. अपवाद फार झाले तर नियम चुकला आहे असे समजावे.

नाव अर्थावरून ठेवावे

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटली. टिक्झमध्ये पुष्कळ सूचनांचा एक जुडगा करून त्याला आपल्या पसंतीचे नाव देता येते. आरंभी आम्ही नाव ठेवले ‘निळी जाड’. बावखलांसाठी ते वापरले, ओढ्यांसाठीही वापरले, कारण दोन्ही निळी आणि जाड होती. पुढे पुस्तिका काळ्या शाईत छापावयाचे ठरले. तेव्हा बावखल राखी रंगाने भरावयाचे आणि ओढा तुटक रेघेने दाखवावयाचा असे ठरले. पण ‘निळी जाड’ या एका नावाखाली दोघेही अडकलेले. चाळीस बावखले आणि सारे ओढे हातांनी वेगळे करावे लागले.

त्यानंतर आम्ही नावे अर्थावरून ठेवली : ‘बावखल’, ‘बुजलेले बावखल’, ‘विहीर’, ‘ओढा’, ‘रस्ता’, ‘पायवाट’. नकाशाच्या अंगात फक्त एवढेच लिहिलेले असते की, येथे बावखल आहे. ते कसे दिसावे हे ग्रंथाच्या आरंभी एका ओळीत असते. ती ओळ बदलली की साऱ्या नकाशातील बावखले बदलतात आणि एकही सुटत नाही. शिवाय आज जे बावखल आहे ते उद्या बुजले, तर नकाशात त्या जागी केवळ शब्द बदलावयाचा. नकाशाची सूचनावही ही अशा रीतीने गावाच्या पाण्याची नोंदवहीही होते. रूपावरून नाव ठेवले असते तर ती कधीच झाली नसती.

जाडी ठरविताना आम्ही तीन पायऱ्या पुरेशा मानल्या : पायवाटेला ०.४, ओढ्याला ०.८, मुख्य रस्त्याला १.६ पॉइंट. टिक्झमध्ये ०.१ पासून १.६ पर्यंत सात जाड्यांना तयार नावे आहेत. परंतु ०.४ आणि ०.६ यांतला फरक साध्या कागदावर वाचकाच्या डोळ्यांस जाणवत नाही. प्रत्येक पायरी आधीच्या दुप्पट ठेवली की चूक होत नाही. मजकूर ११ पॉइंटचा होता, म्हणून नावे ८ पॉइंटची ठेवली आणि त्याखाली उतरावयाचे नाही असे ठरविले.

वाटेतील काही खड्डे

आणखी तीन अडचणी आम्हांस आल्या. त्या थोडक्यात सांगतो.

जागेची मोजणी करताना जे स्थानदर्शक आकडे मिळाले, ते मीटरांत होते आणि आपल्या वसईत उत्तरेकडील आकडा एकवीस लाखांच्या घरात जातो. तो तसाच चित्रात घातला तेव्हा माप फार मोठे आहे अशी तक्रार करून यंत्र थांबले. कारण टेकला १६,३८४ पॉइंटांपलीकडचे माप समजत नाही. म्हणजे सुमारे पावणेसहा मीटर. टिक्झ साध्या आकड्यास सेंटीमीटर समजते, त्यामुळे ५७५ च्या पुढे गाडी अडते. उपाय सोपा निघाला. नकाशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्याचे आकडे प्रत्येक आकड्यातून आधी वजा केले, उरलेल्या मीटरांना शंभराने भागले आणि मग चित्रात घातले.

दुसरी अडचण कोपऱ्यांची. ओढ्याची वाकडीतिकडी रेघ जाड होताच तिच्या वळणांवर काट्यांसारखी टोके दिसू लागली. टिक्झ दोन रेघांचा सांधा आपण सांगितल्याशिवाय अणकुचीदार ठेवते, मेटापोस्ट तो गोल ठेवते. चौकटीला अणकुचीदार सांधा शोभतो, पाण्याला गोल. ‘ओढा’ या नावाच्या सूचनेत गोल सांध्याची एक सूचना घातली आणि काटे गेले.

तिसरी अडचण क्रमाची. जे मागाहून काढावे ते आधीच्यावर बसते. नावे आधी लिहून रस्ते मागाहून काढले तर रस्ता नावावरून जातो. म्हणून आधी भरलेली क्षेत्रे, मग रेघा, सर्वांत शेवटी नावे.

देवनागरीविषयी एक वाक्य. टेकच्या जुन्या आवृत्तीत मराठी जुळविण्यास आडवाटेने जावे लागे. झीटेक आणि लुआटेक हे तिचे नवे अवतार देवनागरी अक्षरे थेट घेतात, जोडाक्षरे नीट बांधतात आणि मुंबईच्या आयआयटीने सिद्ध केलेल्या शोभिका या अक्षरवळणासारखी विनामूल्य वळणे त्यांच्यासोबत वापरता येतात. मजकुराचे आणि नकाशातील नावांचे वळण एकच राहते.

शेवटी

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल की, एका नकाशासाठी एवढा खटाटोप कशाला? चित्र काढण्याच्या कोणत्याही सोप्या साधनावर नकाशा काढता येतो. हे खरे आहे, आणि ज्याला टेक शिकावयाचे नाही त्याने शिकू नये. परंतु साधन कोणतेही असो, चार गोष्टी सर्वत्र सारख्याच लागू आहेत. चित्र ज्या मापाचे छापावयाचे त्याच मापाचे काढावे. लहान करणे भागच असेल तर अंतरे लहान करावीत. रेघ आणि अक्षर यांस हात लावू नये. सर्वांना लागू असलेली सूचना एकाच ठिकाणी लिहावी. आणि वस्तूला नाव तिच्या अर्थावरून द्यावे.

याच्या जोडीला पाचवी गोष्ट आम्ही अनुभवाने शिकलो. छापण्यापूर्वी एक प्रत खऱ्या मापाची काढून ती ज्याच्यासाठी नकाशा आहे त्या माणसाच्या हातात द्यावी, आणि ती संगणकाच्या पडद्यावर मोठी करून दाखवू नये. पडद्यावर आमचा पहिला नकाशाही सुरेख दिसत होता.

दुसऱ्या आवृत्तीचा नकाशा आता त्या वाड्यांतील पुष्कळ घरांत आहे. म्हातारी माणसे तो चष्मा लावून वाचतात आणि आमच्या चुका सांगतात. अमुक विहीर रस्त्याच्या त्या बाजूला आहे, तमुक बावखलाचे खरे नाव निराळे आहे, असे निरोप येतात. प्रत्येक निरोपामागे एक शब्द बदलतो आणि बाकीचे यंत्र सांभाळते. तीन प्रश्नचिन्हे मात्र अजून तशीच आहेत. श्रोत्यांपैकी कोणास त्या बाजूची जुनी नावे ठाऊक असतील, तर व्याख्यानानंतर थोडा वेळ थांबावे. नकाशा आम्ही सोबत आणला आहे आणि तो आता वाचता येतो.